हल्ल्यामागच्या हेतूवर गावात चर्चा ठेवायची असेल तर

कुठेही अतिरेकी हल्ला झाला की पहिल्या दिवशी सगळे कोणी केलं ते विचारतात, दुसऱ्या दिवसापासून का केलं ते सुरू होतं, आणि या 'का' वरून जितकी माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतात तितकी दुसऱ्या कशावरून होत नसतील. काश्मीरमधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर आमच्या गोव्यात फोंड्याच्या मार्केटात, कदंबच्या बसमधे, कॅफेत भाजी-पाव खाताना, देवळात आरती झाल्यावर, सगळीकडे हेच चालू होतं. आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी सकाळी पेपर वाचून झाले की चर्चा बसते, ती चालवायचं काम माझ्याकडे असतं. असल्या विषयावर माणसं भांडून उठू नयेत म्हणून काय करता असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं वाचनालय असो, शाळेची स्टाफरूम असो, सोसायटी असो की व्हॉट्सॲपचा ग्रुप, पद्धत हीच चालते.

पहिले दोन-तीन दिवस हेतूवर बैठक ठेवूच नका. लोक बोलतीलच, त्यांना कोण थांबवणार, पण तुम्ही होऊन खुर्च्या मांडू नका. त्या दिवसांत करायची कामं वेगळी असतात. गावातलं कोणी तिकडे टूरवर गेलंय का, त्यांच्या घरी फोन झाला का, हेल्पलाइन नंबर खरा आहे का, मेलेल्यांचा आकडा सरकारने दिलाय की कोणीतरी आपल्या मनाने टाकलाय, एवढं बघितलं तरी खूप झालं. हेतूसाठी थांबायचं कारण असं की पहिल्या दिवसांतला अंदाज फार वेळा चुकलेला आहे आणि चुकला तो साध्यासुध्या माणसांचा नाही, सरकारांचा आणि टीव्हीवरच्या तज्ज्ञांचा. १९ एप्रिल १९९५ ला अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात सरकारी इमारत उडवली, १६८ माणसं मेली, पहिल्या दिवशी सगळा संशय मध्यपूर्वेकडे होता आणि करणारा निघाला अमेरिकन लष्करातून बाहेर पडलेला त्यांचाच माणूस. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत ७७ जणांना मारलं, तिथेही सुरुवातीला जिहादी संघटनांची नावं घेतली गेली आणि मारणारा निघाला मुसलमानांचा आणि त्यांना देशात येऊ देणाऱ्यांचा द्वेष करणारा नॉर्वेजियन. सगळ्यात मोठं उदाहरण माद्रिदचं. ११ मार्च २००४ ला सकाळी लोकल गाड्यांत स्फोट झाले, १९० हून जास्त माणसं गेली, निवडणूक तीन दिवसांवर होती आणि सरकारने ठामपणे सांगितलं की हे बास्क फुटीरवादी एटा संघटनेचं काम आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्याच दिवशी केलेल्या ठरावात सुद्धा एटाचंच नाव आलं. मग धागेदोरे जिहादी गटाकडे जायला लागले, लोकांना वाटलं सरकारने मतांसाठी आपल्याला फसवलं, आणि १४ तारखेच्या निवडणुकीत ते सरकार हरलं. सुरक्षा परिषद चुकू शकते तर आपल्या ग्रुपवरचा फॉरवर्ड किती खरा धरायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता बैठक बसली असं धरू. फळा असेल तर फळ्यावर, नसेल तर वहीत, सगळ्यात वर लिहा: हेतू कोणाचा? माझ्या मते अख्ख्या चर्चेत हा एकच प्रश्न धरून ठेवला तरी निम्मं भांडण मिटतं. कारण आपण म्हणतो 'हल्ल्यामागचा हेतू', जसं काय हल्ल्याला स्वतःचं डोकं आहे. हेतू माणसाला असतो, आणि एका हल्ल्यात माणसं खूप असतात: बंदूक चालवणारा, त्याला भरती करणारा, पैसे देणारा, जागेची रेकी करणारा, मागून फोनवर सूचना देणारा, आणि हे सगळं होऊ देणारी एखादी सरकारी यंत्रणा सुद्धा. प्रत्येकाचा हेतू वेगळा असू शकतो. एक म्हणतो धर्म, दुसरा म्हणतो राजकारण, तिसरा म्हणतो पैसा, आणि तिघे तीन वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत असतात पण कोणाच्या लक्षातच येत नाही.

यासाठी २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईचा हल्ला घेऊन बसा, त्याच्याबद्दल जेवढं कागदावर आलंय तेवढं फार कमी हल्ल्यांबद्दल आलंय. १६६ माणसं मेली. जिवंत सापडलेला कसाब, पाकिस्तानी पंजाबातल्या फरीदकोटच्या गरीब घरातला पोरगा, कमी शिकलेला, घर सोडून भटकताना लष्कर-ए-तैयबाच्या हाती लागला. फळ्यावर प्रत्येकाचा एक रकाना करा. कसाबच्या रकान्यात काय लिहाल? गरिबी, हाणामारीचं आकर्षण, नंतर प्रशिक्षणात डोक्यात भरलेला द्वेष, असं मिश्रण येतं. मग रेकी करणारा डेव्हिड हेडली. बाप पाकिस्तानी, आई अमेरिकन, हातात अमेरिकन पासपोर्ट, गरिबीचा संबंध नाही. त्याने २०१६ साली अमेरिकेतून व्हिडिओ लिंकवर मुंबईच्या कोर्टात साक्ष दिली तेव्हा सांगितलं की १९७१ च्या युद्धात आपल्या शाळेवर भारताचे बॉम्ब पडले तेव्हापासून भारताबद्दल द्वेष आहे. तिसरा रकाना संघटनेचा. लष्करमधली पोरं त्या काळात अफगाणिस्तानात लढणाऱ्या दुसऱ्या गटांकडे जायला लागली होती, त्यांना धरून ठेवायला कायतरी मोठं करून दाखवायचं होतं, असं अभ्यासक म्हणतात. चौथा रकाना फोनवरच्या सूत्रधारांचा, जे पाकिस्तानात बसून या पोरांना मिनिटामिनिटाला सांगत होते कुठे आग लावा, कोणाला मारा, आणि हे सुद्धा सांगत होते की टीव्हीवाल्यांशी बोलताना कारण काय सांगायचं. ही संभाषणं रेकॉर्ड झाली, खटल्यात पुरावा म्हणून आली. म्हणजे चॅनेलवर जे कारण ऐकू आलं ते मरायला पाठवलेल्या पोराला पलीकडून पढवलेलं होतं. एवढे चार रकाने फळ्यावर भरले की 'खरा हेतू काय' म्हणून कोणी ओरडत नाही, निदान आमच्याकडे तरी आवाज खाली येतो आणि माणसं विचारायला लागतात की मग पाचवा कोण.

त्यानंतर जबाबदारी घेणाऱ्या पत्रकांचं बघा, यात लोक फार फसतात. कोणीतरी जबाबदारी घेतली, कारणही दिलं, झालं, विषय संपला असं वाटतं. २६/११ ला 'डेक्कन मुजाहिदीन' नावाने ईमेल आला होता, तोपर्यंत कोणी नावही न ऐकलेली संघटना, आणि त्यातून असं दाखवायचं होतं की हे इथल्याच मुसलमान पोरांचं काम आहे. हल्लेखोरांकडे हिंदू नावांची खोटी कॉलेजची ओळखपत्रं होती, कसाबच्या मनगटाला लाल धागा होता. एक माणूस, तुकाराम ओंबळे, छातीवर गोळ्या झेलून कसाबला धरून राहिला नसता तर त्या ईमेलवर आणि त्या धाग्यावर आपण आजपर्यंत भांडत बसलो असतो. पहलगामला टीआरएफ (द रेझिस्टन्स फ्रंट) नावाच्या अतिरेकी संघटनेने आधी जबाबदारी घेतली, कारण दिलं की काश्मीरमधे बाहेरच्यांना रहिवासी दाखले देतायत म्हणून, आणि काही दिवसांतच आमचं अकाउंट हॅक झालं होतं, आम्ही केलं नाही म्हणून हात झटकले. उलटं पण होतं. १ ऑक्टोबर २०१७ ला लास वेगासला एकाने हॉटेलच्या खिडकीतून खाली गाण्याच्या कार्यक्रमाला जमलेल्या लोकांवर गोळ्या घातल्या, ६० जण गेले, इसिसने तो आमचा सैनिक म्हणून जाहीर करून टाकलं, आणि एफबीआयला इसिसशी धागा तर मिळालाच नाही पण शेवटपर्यंत कुठलाही एक ठाम हेतू सुद्धा मिळाला नाही. तपास संपला तरी हेतू रिकामा राहू शकतो, हे बैठकीत आधीच सांगून ठेवा, नाहीतर माणसं रिकामी जागा आपल्या आवडीच्या शत्रूने भरतात.

मग पत्रक फेकून द्यायचं का, नाही, पण वजन ठरवून घ्यायचं. आमच्याकडे आम्ही असं करतो. सगळ्यात जड धरायचं ते प्रत्यक्ष काय केलं, कोणाला निवडलं, कोणाला सोडलं. त्याच्या खालोखाल हल्ल्याच्या आधी माणूस आपल्या माणसांत काय बोलत होता, काय लिहीत होता, कोणाशी संपर्कात होता, कारण तेव्हा त्याला जगाला दाखवायचं नसतं. हल्ल्यानंतरचं पत्रक, व्हिडिओ, कोर्टातलं भाषण हे प्रचाराचं साहित्य म्हणून वाचायचं. आणि पोलिसांनी पत्रकार परिषदेत सांगितलेला 'कबुलीजबाब' हा तर अगदी हलका, कारण पोलिसांसमोर दिलेली कबुली आपल्या कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही, आधी पुरावा कायद्याचं २५ वं कलम होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३ वं.

हे पहलगामला लावून बघा. पत्रक म्हणतं रहिवासी दाखले. पण मारलं कोणाला? दोन दिवस फिरायला आलेल्या पर्यटकांना, त्यात सहा जण महाराष्ट्रातले, दाखला मागायला कोणी गेलं नव्हतं. वाचलेल्या बायकांनी सांगितलं की धर्म विचारून, कलमा म्हणायला लावून पुरुषांना वेगळं काढलं. म्हणजे निवड धर्मावर झाली, ही गोष्ट कोणीही मऊ करून सांगू नये, आमच्या एका बैठकीत एक सद्भावनेचा माणूस 'तसं काही नसेल हो' म्हणायला लागला तेव्हा मी थांबवलं, कारण ज्या बाईने स्वतःच्या डोळ्यांदेखत नवरा गमावला तिचं सांगणं आपल्या चांगुलपणासाठी खोडायचा हक्क आपल्याला नाही. पण त्याच फळ्यावर दुसरी ओळ पण लिहावी लागते: मेलेल्या २६ जणांत एक स्थानिक मुसलमान घोडेवाला होता, पर्यटकांना वाचवायला गेला म्हणून मेला, आणि जखमींना पाठीवर घेऊन खाली आणणारेही तिथलेच लोक होते. आणि तिसरी: सीझन भरात असताना पर्यटकांनी भरलेलं पहलगामजवळचं बैसरनचं कुरण निवडलं, म्हणजे पर्यटनावर पोट असलेल्या काश्मिऱ्यांच्या धंद्यावरही घाव घातला. धर्म विचारून मारलं तर देशभर हिंदू-मुसलमान भांडतील हा हिशोब पाठवणाऱ्यांनी केला असणार असं मला वाटतं, पण हे माझं वाटणं म्हणून वेगळ्या रंगाच्या खडूने लिहितो. दिसलेलं एका रंगात, अंदाज दुसऱ्या रंगात, ही सवय लावाच.

आता घरचं उदाहरण घ्यायची हिंमत करा. काश्मीर, माद्रिद लांब आहे, तिथे सगळेच न्यायाधीश होतात. १६ ऑक्टोबर २००९ ला, नरकासुराच्या रात्री, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्री, मडगावात स्कूटरवर ठेवलेल्या स्फोटकांचा स्फोट झाला आणि ती नेणारे दोघे गेले, त्याच रात्री सांकवाळला पण स्फोटक सापडलं. मेलेले दोघे सनातन संस्थेशी संबंधित असल्याचं पुढे आलं, संस्थेने आपला हात असल्याचं नाकारलं, नरकासुराच्या पुतळ्यांच्या स्पर्धांना असलेला विरोध हे कारण सगळीकडे चर्चेत होतं, तपास केंद्राच्या एनआयए या यंत्रणेकडे गेला, सहा जणांवर खटला चालला आणि २०१३ च्या डिसेंबरमधे विशेष न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, २०२० साली हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ते कायम केलं. या प्रकरणात काय म्हणता येतं आणि काय नाही हे लोकांनाच सांगायला लावा. स्फोट झाला हे म्हणता येतं. दोन माणसं मेली हे म्हणता येतं. कट होता, अमुकने केला, अमुक कारणासाठी केला, हे सिद्ध झालेलं म्हणून सांगता येत नाही. आमच्याकडे हे उदाहरण घेतलं की दोन्हीकडचे लोक अस्वस्थ होतात, आणि मला ते हवंच असतं, कारण जो माणूस मालेगाव किंवा मुंबईच्या खटल्यात 'पोलिसांनी पकडलंय म्हणजे केलंच असणार' म्हणतो तोच इथे 'कोर्टाने सोडलंय ना' म्हणतो, आणि जो तिकडे कोर्टाचं बोट धरतो तो इथे 'कोर्टाला काय कळतं' म्हणतो. म्हणून एक करा. कुठल्याही प्रकरणाचं नाव न घेता आधी नियम लिहून घ्या: आरोपी सुटला तर आपण काय म्हणायचं, दोषी ठरला तर काय, खटला चालू असताना काय. सगळ्यांची मान हलली की मग प्रकरण उघडा. नियम आधी आणि नाव नंतर, उलटा क्रम लावलात तर त्या दिवशी चर्चा बंद केलेली बरी.

मालेगाव पण घ्याच. २००६ च्या सप्टेंबरमधे, शब-ए-बारातला, कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, मेले ते नमाजाला आलेले मुसलमान. राज्याच्या एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) नऊ मुसलमान पकडले आणि हेतू सांगितला की दंगल पेटावी म्हणून. पुढे एनआयएने वेगळ्याच लोकांवर, हिंदुत्ववादी गटावर, आरोपपत्र ठेवलं आणि हेतू सांगितला बदला. २०१६ ला कोर्टाने पहिल्यांदा पकडलेल्यांवरचे आरोप काढून टाकले, त्यातल्या बहुतेकांची पाच वर्षं आत गेली होती. एकच स्फोट, सरकारच्याच दोन यंत्रणा, आणि हेतू पूर्ण उलटे. तपास यंत्रणेने सांगितलेला हेतू हा दावा असतो, हे पटवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. कोणीतरी कारण समजून घ्यायचा प्रयत्न करतो आणि दुसरा उठतो की तू त्यांची बाजू घेतोस. हे प्रत्येक वेळी होतं. ७ जुलै २००५ ला लंडनमधे भुयारी रेल्वे आणि बसमधे ५२ जणांना मारलं, त्यातल्या म्होरक्याचा व्हिडिओ पुढे बाहेर आला, त्यात तो मुसलमान देशांवरच्या अन्यायाबद्दल बोलत होता, आणि ब्रिटनभर वर्षानुवर्षं वाद झाला की इराक युद्धामुळे हे झालं का. सरकार म्हणायचं संबंध नाही, विरोधक म्हणायचे संबंध आहेच. मला विचाराल तर दोन्ही बाजू एकच गोष्ट विसरत होत्या: इराक युद्धाला विरोध करायला लाखो लोक लंडनच्या रस्त्यावर उतरले होते, त्यांनी बॉम्ब ठेवला नाही. राग का आला याचं उत्तर इराक असू शकतं, त्या रागातून ऑफिसला जाणाऱ्या अनोळखी माणसांना मारावं असं का वाटलं याचं उत्तर दुसरीकडे शोधावं लागतं, त्या संघटनेत, त्या शिकवणीत, त्या चार-पाच मित्रांच्या बंद खोलीत. म्हणून चर्चेत प्रश्न दोन करा. तक्रार कुठून आली हा एक. तक्रारीतून खून हाच मार्ग कोणी दाखवला हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर बोलणाऱ्याला कोणी देशद्रोही म्हणू नये आणि पहिल्यावर बोलून झाल्यावर दुसरा न घेता कोणी खाली बसू नये. बोलताना 'यामुळे झालं' असं म्हणण्यापेक्षा 'यामुळे केलं असं तो सांगतो' म्हणायला लावा. आणि मेलेल्यांच्या घरातलं कोणी समोर बसलंय असं धरून बोला, आवाज आणि शब्द दोन्ही बदलतात.

याच्याबरोबर दोन सोपी उत्तरं येतात. एक, गरिबीमुळे. लंडनच्या त्या म्होरक्याला शाळेत मुलांना मदत करायची नोकरी होती, अकरा सप्टेंबरच्या विमानातला अत्ता जर्मनीत नगररचना शिकत होता, लादेनच्या घरात पैसा वाहत होता. आणि आपल्या पेडण्यात, सत्तरीत, सांग्यात काय गरिबी बघितली नाही लोकांनी, म्हणून कोणी बॉम्ब ठेवला का? गरिबीमुळे कुठेतरी भरती सोपी जाते एवढंच म्हणा. दुसरं, वेडा होता. नॉर्वेच्या खुन्याबद्दल पहिल्या मानसोपचार तज्ज्ञांनी वेडा म्हटलं, दुसऱ्यांनी नाही म्हटलं, २४ ऑगस्ट २०१२ ला कोर्टाने तो वेडा नव्हता असं ठरवून शिक्षा दिली. वेडा म्हटलं की त्याच्या विचारांची चौकशी करायची गरज उरत नाही म्हणून हे उत्तर सगळ्यांना आवडतं, विशेषतः मारणारा आपल्यातला असेल तेव्हा. डॉक्टर आणि कोर्ट म्हणेपर्यंत ते वापरू देऊ नका.

आता खोलीत कोण बसलंय ते बघा. गोव्यात आपल्या चर्चेला हिंदू असतात, ख्रिस्ती असतात, मुसलमानही असतात, नसतील तर बोलवा. पण मुसलमान माणूस आला म्हणून त्याच्यापासून सुरुवात करून 'चाचा, तुम्ही आधी निषेध करा' असलं होऊ देऊ नका. आमच्याकडे एकदा एका कॉलेजच्या पोराने, मनाने वाईट नाही हो तो, बाजारात फळं विकणाऱ्या चाचांना विचारलं की तुमच्यातले हे असं का करतात. चाचा काही बोलले नाहीत, पाण्याचा ग्लास उचलला. मी त्या पोराला म्हटलं, बाबू, तू नरकासुराच्या रात्रीच्या स्फोटाचं उत्तर देशील का, तू पण हिंदूच ना. तो म्हणाला माझा काय संबंध. मग चाचांनीच त्याला जवळ बसवून घेतलं, आणि पुढचा तासभर दोघे कसाबच्या रकान्यावर वाद घालत होते. बैठक चालवणाऱ्याने हे पहिल्याच वाक्याला अडवावं लागतं, नंतर माफी मागून उपयोग नसतो, कारण तो माणूस पुढच्या रविवारी येत नाही. २००६ च्या मार्चमधे सावर्डे-कुडचड्याला काय झालं ते आपल्या पिढीने बघितलंय. शांत गोवा, शांत गोवा म्हणता म्हणता दोन दिवसांच्या हिंदू-मुसलमान दंगलीत दुकानं जाळली गेली.

ख्रिस्ती मंडळी बऱ्याचदा हे तुमचं हिंदू-मुसलमानाचं म्हणून गप्प बसतात, कोणीतरी 'आमकां कित्याक पडलां' (आम्हाला काय पडलंय) म्हणतोच. त्यांना २१ एप्रिल २०१९ चं श्रीलंकेचं ईस्टर आठवून द्या, चर्चमधे प्रार्थनेला बसलेल्यांवर आणि हॉटेलांत हल्ले झाले, अडीचशेहून जास्त लोक मेले. तिथेही हेतूचा वाद झाला. एका मंत्र्याने सांगितलं की हा न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्याचा बदला, आणि जाणकारांनी शंका काढली की एवढी तयारी महिनाभरात होते का, क्राइस्टचर्चचा हल्ला तर १५ मार्चचा. तारखा शेजारी शेजारी लिहून बघायची ही युक्ती फार कामाची आहे, बदल्याच्या कुठल्याही दाव्याला आधी ती लावा.

विषय भरकटणार हे धरून चाला. गोव्यात अर्ध्या तासात चर्चा इन्क्विझिशनवर, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळातल्या धर्मछळावर, जाते, नाहीतर भाड्याने राहणाऱ्या परप्रांतीयांवर. इन्क्विझिशनवर वेगळा रविवार ठेवा, खरंच ठेवा, लोकांना त्यावर बोलायचं असतं. भाडेकरूंची माहिती पोलीस स्टेशनला देणं हे घरमालकाचं काम आहे, करावं, पण बिहारहून मासेमारीच्या होड्यांवर कामाला आलेल्या पोराचा पहलगामच्या हेतूशी संबंध कोणी जोडायला लागला तर फळ्यावरचे रकाने दाखवा आणि यातल्या कुठल्या रकान्यात तो बसतो ते विचारा.

कायद्याचं थोडं. खटला चालवायला हेतू सिद्ध करावाच लागतो असं नाही. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या १५ व्या कलमात आणि भारतीय न्याय संहितेच्या ११३ व्या कलमात देशाची सुरक्षितता धोक्यात आणायचा किंवा लोकांत दहशत बसवायचा इरादा बघतात, मनातलं खोलवरचं कारण हा पुराव्यातला एक दुवा असतो, तो तुटला तरी बाकी पुरावा भक्कम असेल तर शिक्षा होते. म्हणून 'कोर्टात कारण सिद्ध झालं नाही म्हणजे केलंच नाही' हे चूक. आणि ग्रुप ॲडमिननी हे लक्षात ठेवावं की दोन समाजांत तेढ वाढवणारं काही पुढे पाठवलं तर न्याय संहितेची १९६ आणि ३५३ ही कलमं पाठवणाऱ्याला लागू शकतात, मेसेज मी लिहिला नव्हता हे कारण पुरत नाही.

मारणाऱ्याचा फोटो, त्याचा जाहीरनामा, त्याने काढलेला व्हिडिओ ग्रुपवर टाकू देऊ नका, चर्चेसाठी म्हणून सुद्धा नाही. क्राइस्टचर्चला ५१ जणांना मारणाऱ्याने ते फेसबुकवर लाइव्ह दाखवलं, त्याला हवंच ते होतं की जगाने बघावं आणि त्याने लिहून ठेवलेल्या हेतूवर वाद घालावा. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्ननी त्याचं नाव कधीच घेणार नाही म्हणून संसदेत सांगितलं, आणि तो व्हिडिओ आणि तो जाहीरनामा जवळ ठेवणं तिथे बेकायदा ठरवलं. हेतूवर बोलायला त्याचे शब्द जसेच्या तसे लागत नाहीत, सारांश पुरतो, तो ज्याने बातमी नीट वाचलीय त्याने सांगावा.

बैठक संपताना निकाल काढू नका, मतदान तर नकोच. वहीत तारीख घाला, त्या दिवशी माहीत असलेलं लिहा, अंदाज वेगळे लिहा, कोणाचा अंदाज ते नावासकट, आणि पुढचा टप्पा कुठला ते लिहा: आरोपपत्र, खालच्या कोर्टाचा निकाल, अपील. यांना वर्षं लागतात. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकलच्या स्फोटांत १८० च्या वर माणसं मेली, हायकोर्टाने बाराही जणांना २१ जुलै २०२५ ला सोडलं, तीन दिवसांनी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, सुटलेल्यांना मात्र परत आत जावं लागलं नाही. ३१ जुलैला २००८ च्या मालेगाव स्फोटातले सगळे आरोपी सुटले. एकाच महिन्यात दोन निकाल, एकात आरोपी मुसलमान, दुसऱ्यात हिंदू, आणि आमच्या तिठ्यावर एका निकालाने खूश असलेला दुसऱ्याने चिडलेला होता. त्या रविवारी आम्ही जुन्या नोंदी काढून वाचल्या.

निकाल आला की बातमीवर थांबू नका, निकालपत्र कोर्टाच्या वेबसाइटवर मिळतं, इंग्रजीत असतं, शेकडो पानांचं असतं, म्हणून गावातल्या एखाद्या वकिलाला आठवडाभर आधी द्या आणि मराठीत सांगायला बोलवा. त्यांना सांगा की आधी कुठला पुरावा कोर्टाने मानला नाही आणि का ते सांगा, साक्षीदार, पंच, कबुल्या, स्फोटकांचे नमुने, एकेक करून. हेतूबद्दल कोर्टाने जे लिहिलंय ते सगळ्यात शेवटी वाचून घ्या, आणि ते वाचताना वहीतलं जुनं पान उघडं ठेवा.